तगरची नदी, तेरची नदी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर असल्याचा उल्लेख आहे. तेथून साधे सुती कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवले. १९५८ मध्ये चापेकरांच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले.

कापड धुवायला आणि रंगवायला पाणी लागते. मग वर्षाला सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात शहर तगले कसे? आमच्या मते उत्तर तेरणेच्या पात्रात शोधावे लागते. येथील खडक बेसाल्ट. त्यात पाणी मुरते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात, म्हणजे साठा बेताचाच. पण पात्रातील वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते; घनमीटरभर भिजलेल्या वाळूत सुमारे तीनशे लिटर पाणी मावते, आणि वाळूखाली असल्याने त्याचे बाष्पीभवन फार कमी होते. वरून कोरडी दिसणारी नदी झरा उकरताच पाणी देते ते यामुळेच. काठचा गाळही कामाचा. गोरोबाकाका याच गावचे कुंभार, आणि येथील जुन्या मंदिरांतल्या काही विटा तर इतक्या सच्छिद्र की पाण्यावर तरंगतात!

आता तेरजवळ तेरणा मध्यम प्रकल्पाचा मातीचा बांध आहे. धरणाने पाणी अडते, तसा गाळ आणि वाळूही अडते. खालच्या पात्राला नवी वाळू मिळणे कमी होते आणि आहे ती उपसली, तर साठ्याची जागाच जाते.

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या सुमारास मराठवाड्यात नदी-नाल्यांचे खोलीकरण जोरात होते. गाळ काढणे योग्यच. पण यंत्राने मुरूम फोडून खाली गेलो, की काठच्या विहिरींचे पाणी खोल चरात उतरते. पाणी दिसू लागते, साठा मात्र वाढतोच असे नाही. पाणलोटातले बांधबंदिस्तीचे काम दिसत नाही, म्हणून ते मागे पडते.

तेरला आणखी एक पेच आहे. काठची पांढरीची टेकाडे म्हणजेच तगर. पात्र रुंद करताना किंवा घाट बांधताना टेकाडाचा पाय कापला, तर दोन हजार वर्षांचे थर एका दिवसात ट्रॉलीत जातील. म्हणून नदीचा आराखडा करताना भूजलतज्ज्ञाबरोबर पुरातत्त्वज्ञ पहिल्या दिवसापासून हवा.

शिक्षकांना यात एक काम करता येईल. काठावरची एक आणि काठापासून अर्ध्या किलोमीटरवरची एक अशा दोन विहिरी निवडून, दर महिन्याच्या एकाच तारखेला दोरी सोडून पाणीपातळी मोजावी. पावसाच्या आकड्यांशेजारी ती वर्षभर मांडली, की नदी विहिरीला पाणी देते की विहिरीकडून घेते, हे मुलांनाच दिसेल.