तारापूरच्या किनाऱ्यावरील घरगुती कॅमेरा

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी सभासद तिला लाभले, तरी मुंबईच्या उत्तरेकडील खेड्यांत छायाचित्र हा दीर्घकाळ स्टुडिओवाल्याच्या हातचाच विषय राहिला. तो घराच्या हाती येण्यास मोठा हातभार लावला वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या आग्फा क्लिक ३ या साध्या कॅमेऱ्याने. त्याच्या एका रोलवर बारा चौरस छायाचित्रे निघत, आणि रोल धुवायला टाकण्याचा खर्च असल्याने बटण लग्न, बारसे, सण अशा प्रसंगीच दाबले जाई.

कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, आणि पुढे तीन दशकांत त्याचे खिशात मावणारे रूप मध्यमवर्गीय घरांत पोचले. प्रत्येक छायाचित्रामागचा खर्च नाहीसा झाला, हाच खरा बदल होय, कारण त्यामुळे वाळत घातलेले बोंबील, दुरुस्तीला काढलेली होडी किंवा ओट्यावर बसलेली आजी हे विषयही टिपण्याजोगे ठरले.

खरेदी करताना मात्र लोक मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्रातील दशलक्ष बिंदूंचा, आकडा पाहत, आणि तेथेच निवड चुके. प्रकाश टिपणारी चिप, म्हणजे सेन्सर, या कॅमेऱ्यांत बहुधा सहा मिलिमीटर रुंद व साडेचार मिलिमीटर उंच असे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्म चौकटीच्या तुलनेत तिचे क्षेत्रफळ सुमारे तिसाव्या हिश्शाइतकेच भरते, म्हणून कमी उजेडात तिच्यावर बिंदूंची संख्या वाढवल्याने चित्र सुधारत नाही, उलट त्यात दाणे दिसू लागतात. ऑप्टिकल झूम भिंगे सरकवून दृश्य जवळ आणते, तर डिजिटल झूम चित्राचा तुकडा कापून मोठा करते. पहिलेच पाहून घ्यावे, हे उत्तम. गावच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा भारनियमनाच्या काळात अधिक सोयीचा होता.

किनाऱ्यावर वापराचेही निराळे नियम पडतात. चकाकत्या समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळवंडतो, कारण स्वयंचलित मापन पाण्याच्या उजेडाला भुलते. तेव्हा भर दुपारीही फ्लॅश वापरणे हाच सोपा उपाय ठरतो. भिंगाची आत-बाहेर होणारी नळी वाळूच्या कणाने अडते, आणि पावसाळी दमटपणात भिंगावर बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात.

याच किनाऱ्यावरील घिवली गावाच्या शेजारी तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे, आणि त्याच्या आवारात छायाचित्रणास मनाई असते. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवली गेली, आणि त्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे ही उलथापालथ नेमकी रोल मागे पडून डिजिटल कॅमेरा घरात येण्याच्या काळात घडली. अशा गावांतील जुन्या घराचे, अंगणाचे, विहिरीचे छायाचित्र कुटुंबापुरते राहत नाही, ते स्थानिक इतिहासाचे साधन होते. त्यासाठी कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर असणे फार महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक चित्राच्या फाइलीत तारीख आपोआप नोंदली जाते, आणि सेल बराच काळ काढून ठेवल्यास पुष्कळ कॅमेऱ्यांत ती मूळ स्थितीला परतून चुकीचे वर्ष उमटते.