‘बहादूर’ म्हणताना

वंशभेद म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिका किंवा अमेरिका येते. रत्नागिरीची आंब्याची बाग येत नाही. येथील हापूसच्या बागांतील राखण, फवारणी, काढणी ही कामे गेली अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर नेपाळी कामगारांच्या हाती आहेत. पावसाळा सरल्यावर ते येतात, बागेतल्याच खोपटात राहतात आणि आंबा संपला की बहुतेक जण परततात. मिरकरवाड्याच्या मच्छीमार नौकांवरही नेपाळी खलाशी असतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना येथे राहण्यास व काम करण्यास आडकाठी नाही.

या सर्वांना आपण मिळून एकच नाव देऊन टाकले आहे, ‘बहादूर’. नाहीतर ‘गुरखा’. दोन्ही शब्द मुळात मानाचेच. गोरखा हे नेपाळमधील जुन्या राज्याचे नाव, आणि बहादूर हा तेथील कित्येक पुरुषांच्या नावातील मधला शब्द. त्यात शिवी नाही, म्हणूनच तो खटकत नाही. परंतु चार-पाच हंगाम एकाच बागेत काढलेल्या माणसाचे नाव मालकाच्या घरात कोणालाही ठाऊक नसावे, ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नाही. चेहरा पाहिला आणि नाव ठरले, असा हा व्यवहार आहे.

थट्टा कोठवर जाऊ शकते, हे जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत दिसले. अरुणाचल प्रदेशातील निदो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांची एका दुकानात टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू ओढवला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. २०२० मध्ये ईशान्येकडील लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना द्याव्या लागल्या.

बागमालकापुढे मात्र बोलण्याची सुरुवात दिल्लीपासून करू नये. ‘तुम्ही वंशभेद करता’ असे म्हटले की तो आपल्या चांगुलपणाचे दाखले देऊ लागतो: सणाला दिलेले कपडे, आजारपणात केलेली मदत. हे दाखले बहुधा खरेही असतात. वाद माणसाच्या स्वभावावर गेला, की शब्द बाजूला राहतो. तेव्हा त्याचा जिव्हाळा आधी मान्य करावा आणि एवढेच विचारावे, की बँकेतील अधिकारी नेपाळी असता तर त्यालाही बहादूर म्हटले असते का?

कोकणी माणसाजवळ याहून जवळचे उदाहरण आहे. मुंबईत घरकामास राहिलेल्या कोकणातल्या गड्याला, त्याचे नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणण्याची रीत होती. ‘रामागडी’ हा शब्द तिची साक्ष देतो. ‘घाटी’ हा शब्द तर आजही ऐकू येतो. हाक मारणाऱ्या शेटजींच्या मनात द्वेष होताच असे नाही. ऐकणाऱ्याला काय वाटे, हे मात्र रत्नागिरीतल्या जुन्या घरांतून विचारले तर कळेल. आजोबांची ही आठवण निघाली की समोरचा बचाव सोडून ऐकू लागतो.

थिबा राजाची कथाही उपयोगी पडते. ब्रह्मदेशचा हा पदच्युत राजा १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. त्याची नात टूटू हिने रत्नागिरीतच संसार केला. तिची भाषा मराठीच झाली. चेहऱ्यावरून गाव ठरवणाऱ्याने तिला कोठली म्हटले असते?

हे बोलणे शक्यतो दोघांतच व्हावे. चारचौघांत, त्यातही त्या कामगाराच्या देखत, मालकाला सुनावल्यास त्याचा राग आपल्यावर निघत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामगारावर निघतो. कामगारालाच ‘तुला वाईट वाटते ना?’ असे विचारून साक्षीला उभे करणे तर निव्वळ क्रूरपणा आहे. मालकाकडे ज्याची मजुरी अडकली आहे तो ‘नाही साहेब’ याखेरीज काय सांगणार? तेथे त्याला नाव विचारावे आणि त्या नावाने हाक मारावी, बस्स.

भावनेपेक्षा व्यवहाराची बाजू पुष्कळांना लवकर पटते. आंब्याच्या उंच झाडावरून माणूस पडतो, बागेत रात्री साप चावतो. इस्पितळाच्या कागदावर तेव्हा ‘बहादूर’ एवढेच लिहून भागत नाही. घरी कळवायचे तर गाव, जिल्हा आणि दूरध्वनी लागतो. हंगामाच्या आरंभी ही नोंद वहीत करायला सांगितले, तर कोणी हरकत घेत नाही, आणि वहीत उतरलेले नाव हळूहळू तोंडी येते.

चोरी होताच पुराव्याशिवाय नेपाळ्याला धरून मारणे किंवा हंगाम संपल्यावर मजुरी बुडवणे, यांना मात्र वरील सबुरी लागू नाही. तेथे पोलीस ठाणे आणि कामगार खात्याचे कार्यालय आहे, आणि तक्रार करायला जाणाऱ्या परक्या माणसासोबत एखाद्या स्थानिकाने जावे लागते.