विचारांचं सॉल्ट अ‍ॅनालिसिस

आर्थर लव्हजॉय १९१० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आले, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ आयरा रेमसेन. सॅकरिनचा शोध लागला तो यांच्याच प्रयोगशाळेत. एवढ्या धाग्यावर कल्पनांचा इतिहास या अख्ख्या विद्याशाखेची कुळकथा विणायची म्हणजे धाडसच. पण मला मोह आवरत नाही.

१९२३ मध्ये कल्पनांच्या इतिहासाचा क्लब, १९३६ मध्ये ‘द ग्रेट चेन ऑफ बीइंग’, १९४० मध्ये याच विषयाचं नियतकालिक हे लव्हजॉय यांचे टप्पे जाणकारांना पाठ असतात. मला खिळवून ठेवलं ते ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणाने. आपली पद्धत विश्लेषक रसायनासारखी आहे, असं लव्हजॉय तिथे सांगतात. दर्शनं म्हणजे संयुगं. ती फोडा आणि आतल्या ‘एकक-कल्पना’ वेगळ्या करा. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सॉल्ट ओळखायचो, तसं प्लेटोचं करायचं!

यावर कुणी म्हणेल, कूळ इटलीतलं आहे, कारण मानवी कल्पनांचा इतिहास तत्त्वज्ञ विको यांनी १७२५ मध्येच मागितला होता. मागितला खरा, पण त्यांच्या मनातलं चित्र देव, वीर आणि माणसं या तीन युगांचं होतं. त्यात परीक्षानळी कुठे आहे? विचारेतिहासाच्या जर्मन परंपरेचा दावा जास्त वजनदार. तिचे प्रतिनिधी लिओ स्पिट्झर तर हॉपकिन्समध्येच होते. लेखकाच्या आत्म्यापासून कल्पना तोडता येत नाही, असं त्यांनी १९४४ मध्ये लव्हजॉय यांच्याच नियतकालिकात बजावलं. माझ्या मते हा आक्षेपच माझा पुरावा: घरच्या माणसालाही त्या पद्धतीत प्रयोगशाळेचा वास आला. तो रेमसेन यांच्या खोलीतून आला, हा मात्र निव्वळ माझा तर्क.

पुढे सामाजिक इतिहासाने या शाखेला मागच्या बाकावर बसवलं. मग १९६९ मध्ये केंब्रिजच्या क्वेंटिन स्किनर यांनी एककच नाकारलं. कल्पना जशीच्या तशी शतकं ओलांडत नाही. कोण, कुणाशी, कशासाठी वाद घालत होतं ते शोधा, असा त्यांचा आग्रह. इतिहासकाराचं काम पृथक्करणाकडून साक्षी तपासण्याकडे सरकलं. या पालटासाठी त्यांनी आधार घेतला ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन यांचा: बोलणं हीसुद्धा एक कृती असते.

ऑस्टिन यांनी तो सिद्धांत मांडला १९५५ मध्ये, हार्वर्डच्या विल्यम जेम्स व्याख्यानमालेत. लव्हजॉय यांची एकक-कल्पनाही १९३३ मध्ये त्याच व्याख्यानमालेत मांडली गेली होती.