मुंबई–कराची हवाई अंतर व प्रवासकाळ

अरबी समुद्राच्या काठावरील या दोन बंदरांमधील बृहद्वृत्तीय अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी, सुमारे 875 किमी. (472 सागरी मैल) असून ते मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ व कराचीचा जिना विमानतळ यांच्या दरम्यान मोजलेले आहे. आरंभबिंदू बदलला की आकडाही बदलतो; नेरूळमधील सारसोळे या ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावापासून ते सुमारे 890 किमी., तर 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणे सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळापासून जवळपास 900 किमी. भरते.

थेट उड्डाणास जेट विमानाला दीड ते पावणेदोन तास पुरतात. पाकिस्तानची प्रमाणवेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे असल्याने घड्याळावर हा प्रवास जाताना तेवढा कमी आणि येताना तेवढाच जास्त दिसतो.

इतिहास : सिंध प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच असल्यामुळे या मार्गाचा आरंभ एका इलाख्यातील अंतर्गत टपालसेवा म्हणून झाला. इंपीरियल एअरवेजने ब्रिटनहून कराचीपर्यंत आणलेली टपाल पुढे नेण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून ‘पुस मॉथ’ हे एका इंजिनाचे छोटे विमान उडवले आणि अहमदाबादला इंधन घेऊन दुपारी ते जुहूला उतरवले. या वळशामुळे अंतर हजार किलोमीटरांच्या थोडे पुढे गेले, आणि ताशी सुमारे 160 किमी. वेगाच्या विमानाला थांबा धरून सात तासांच्या आसपास लागले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. पुढील मद्रासपर्यंतची टपाल वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे नेली. जुहूची धावपट्टी म्हणजे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, तेव्हा सेवा पुण्यास हलवून येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानाचा वापर केला जाई. 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून त्या उड्डाणाची पुनरावृत्ती केली.

सद्यःस्थिती : थेट प्रवासी सेवा नाही. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले. तथापि थेट सेवा त्याआधीच थांबलेली होती. प्रवाशाला दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी विमान बदलावे लागते. त्या मार्गाने मुंबई–दुबई सुमारे 1,930 आणि दुबई–कराची सुमारे 1,190 असे 3,100 किमी.हून अधिक अंतर कापावे लागते, म्हणजे थेट अंतराच्या साडेतीन पट, आणि दुबईतील प्रतीक्षा वेगळी.

जलमार्ग : फाळणीपूर्वी दोन्ही बंदरांदरम्यान आगबोटींची वाहतूक होती.