चांदी कुणी घडवली?

इंग्लंडातल्या जुन्या श्रीमंत घरांत भिंतीवर चांदीचे शमादान असे. मागे लखलखीत पत्रा, पुढे मेणबत्तीची दांडी. ज्योत लहानच, पण पत्र्यावरून परतलेला उजेड खोलीत पसरे. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यानंतर अशा वस्तूंची चलती झाली. आज त्या थोड्याच उरल्या आहेत, कारण आवड बदलली किंवा नड लागली, की चांदी मुशीत जाई. यादवी युद्धात पहिल्या चार्ल्सने ऑक्सफर्डच्या कॉलेजांची भांडी आटवून नाणी पाडली होती. पुढे उलट झाले. भांड्यांसाठी नाणीच आटू लागली, म्हणून 1697 मध्ये भांड्यांच्या चांदीचा कस 92.5 वरून सुमारे 95.8 टक्के करण्यात आला. ही सक्ती 1720 पर्यंत टिकली.

वस्तू गेल्या, तरी घडवणाऱ्यांची नावे राहिली. 1363 पासून कारागिराला स्वतःची खूण ठोकणे भाग होते. 1478 पासून लंडनच्या चांदीवर वर्षाचे अक्षरही आले. त्यामुळे निर्वासित ह्यूगनो कुटुंबातल्या पॉल द लामेरीने 1713 मध्ये पहिली खूण नोंदवली, हे आज सांगता येते. ही खूण कौतुकासाठी नव्हती. भेसळ निघाली तर कुणाला धरायचे, एवढ्यासाठी ती होती. पहाऱ्यासाठी केलेली नोंद इतिहासाच्या कामी आली.

हाच प्रश्न मला मोलगीच्या चांदीला विचारायचा आहे. अक्कलकुवा तालुक्यातले हे सातपुड्यातले बाजाराचे गाव. जवळच्या काठीच्या राजवाडी होळीत भिल्ल स्त्रियांच्या अंगावर चांदी दिसते: गळ्यात हासळी आणि रुपयांच्या माळा, हातापायांत कडी. ही नुसती शोभा नव्हे, घराची बचत आहे. आजारपण, लग्न, बियाणे, साऱ्याला तिचा आधार.

ही चांदी ‘भारा’वर मोजतात. भार म्हणजे रुपयाचे वजन, एक तोळा. 1835 पासूनचा कंपनीचा आणि पुढचा राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.67 टक्के चांदीचा. इंग्लंडच्या शमादानाच्या कसाला तो जवळजवळ भिडतो. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये संपली. तोवर रुपया हाच वजनाचा आणि कसाचा दाखला होता. माझ्या मते, म्हणूनच दागिन्यावर वेगळ्या शिक्क्याची गरज कुणाला भासली नाही. विश्वास नाण्यावर आणि ओळखीच्या सोनारावर होता. भूजच्या उमरसी मावजीने मात्र आपल्या कामावर इंग्रजी आद्याक्षरे ठोकली. त्याच्या गिऱ्हाइकांत साहेब लोक होते.

परिणाम असा, की लंडनचा कारागीर नावानिशी ओळखता येतो आणि सातपुड्याची हासळी घडवणारा निनावी राहतो. जुना दागिना मोडीत निघतो तेव्हा भार मोजला जातो, भाव लावला जातो. घडण हिशेबात धरली जात नाही. घडणीबरोबर कारागिराची शेवटची खूणही वितळते.

मोडू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. ती बचत ज्यांची, निर्णय त्यांचा. पण मोडण्याआधी एक फोटो, वजन, दागिन्याचे घरातले नाव आणि ‘कोणत्या गावच्या सोनाराकडून घेतला’ एवढे उत्तर वहीत उतरवता येईल. ते उत्तर आज आजीला ठाऊक आहे. शिक्का नसलेल्या चांदीची तीच नोंदवही, आणि ती फार दिवस उघडी राहणार नाही.