शेवटच्या दर्शनाची तारीख

आपल्याकडे पक्ष्यांच्या स्थलांतराचा इतिहास हा बहुधा आगमनाचा इतिहास असतो. शरदात उत्तरेकडून बदके, हंस आणि क्रौंच उतरू लागले की तळ्याकाठच्या गावांना ते त्याच दिवशी कळते. निरोपाचे तसे नसते. फाल्गुनात वारा उबदार होऊ लागतो, थवे विरळ होत जातात आणि एखाद्या सकाळी पाणी रिते दिसते. युरोपात वसंत हा पक्षी परतण्याचा ऋतू आहे. भारताच्या मैदानी प्रदेशात तो हिवाळी पाहुण्यांच्या प्रस्थानाचा ऋतू आहे. म्हणूनच आपल्या नोंदींत एक विशेष अडचण येते. पहिले दर्शन पाहताक्षणीच पहिले ठरते. शेवटचे दर्शन मात्र पुष्कळ काळानंतर, मागे वळून पाहिल्यावरच शेवटचे ठरते. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीतील सायबेरियन क्रौंचाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हा शुभ्र, तांबड्या मुखाचा पक्षी भारतीयांच्या नजरेस फार पूर्वीच पडला होता. जहांगीराच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे चित्र काढले. ते आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. पाश्चात्य विज्ञानात या जातीचे नामकरण झाले ते १७७३ साली, पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञाकडून. म्हणजे शास्त्रीय नाव मिळण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण करणारा डोळा येथे होता. एकोणिसाव्या शतकात इटाव्याचे जिल्हाधिकारी आणि पुढे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी गंगा-यमुनेच्या मैदानातील तळ्यांवर या पक्ष्यांची नोंद केली.

केवलादेवची पाणथळ ही निव्वळ निसर्गाची निर्मिती नव्हे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळी अजान बंधारा बांधला गेला आणि तेथील सखल भूभाग पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही जागा संस्थानच्या पाहुण्यांसाठी बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र झाली. केवलादेवाच्या मंदिराजवळ या शिकारींची नोंद कोरलेल्या शिळा आजही उभ्या आहेत. तारीख, सन्माननीय पाहुण्याचे नाव, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या असे त्या नोंदींचे स्वरूप आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. पक्ष्यांची एवढी पद्धतशीर गणना त्या काळी क्वचितच होत असेल. पण ती मेलेल्या पक्ष्यांची गणना होती. जिवंत उरलेले पक्षी वसंतात केव्हा आणि कोठे गेले, याविषयी शिळा काहीच सांगत नाही.

तो प्रश्न विचारणारी दुसरी परंपरा मुंबईत आकार घेत होती. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे काम हाती घेतले. या कामाला मोठी गती मिळाली ती एका रोगामुळे. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूर जंगलताप आढळला. रशियातील एका तापाशी त्याचे साम्य असल्याने स्थलांतरित पक्ष्यांबरोबर रोगवाहक गोचिडी येतात की काय, अशी शंका उत्पन्न झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम सुरू झाले. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे मध्य आशिया आणि सायबेरियात सापडली. फाल्गुनातील रित्या पाण्याला अशा रीतीने प्रथमच भूगोल मिळाला.

सायबेरियन क्रौंचाची गणना मात्र वर्षागणिक अधिक चिंताजनक होत गेली. १९६४-६५ च्या हिवाळ्यात भरतपूरला सुमारे २०० पक्षी होते. १९९२-९३ मध्ये केवळ ५ उरले. पुढील दोन हिवाळ्यांत एकही आला नाही आणि अनेकांनी हा अध्याय संपला असे मानले. १९९५-९६ मध्ये ४ पक्षी पुन्हा दिसले. २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी आली आणि वसंताच्या आरंभी उत्तरेस निघून गेली. त्यानंतर हा क्रौंच तेथे परतला नाही. एकदा खोटी ठरलेली अखेर पाठीशी असल्यामुळे हे प्रस्थान अखेरचे होते, हे मान्य करण्यास आणखी कित्येक हिवाळे जावे लागले.

ऱ्हासाची कारणे एका ठिकाणी शोधता येत नाहीत. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून कझाकस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून येणारा हा मार्ग पाच हजार किलोमीटरहून लांब होता. वाटेतील शिकार आणि विश्रांतीच्या पाणथळींचा नाश यांचा आघात मोठा होता. या जातीच्या रक्षणासाठी १९९३ साली आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारही झाला. भरतपूरची कथाही सरळ नाही. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथे म्हशींच्या चराईस बंदी करण्यात आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे दिसून आले की, चराई थांबल्यावर पाण्यातील गवत अनिर्बंध वाढले आणि उघडे पाणी आक्रसले. ज्यांना शत्रू मानले गेले ती जनावरे पाणथळीच्या व्यवस्थेचाच भाग होती. माणसांनी त्यासाठी प्राण गमावले होते, ही गोष्ट इतिहासलेखनात तळटीप म्हणून राहू नये.

या हानीचे आणखी एक स्वरूप आहे. क्रौंचाची पिले वाट शिकतात ती आईबापांबरोबर पहिला प्रवास करून. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी बंदिवासात वाढवलेले काही पक्षी भरतपूरला सोडण्यात आले, या आशेने की ते इतर क्रौंचांबरोबर उत्तरेस जातील. तसे झाले नाही. पूर्व आशियात ही जात आजही हजारोंच्या संख्येने आहे आणि चीनच्या पोयांग सरोवरात हिवाळा घालवते. पण भरतपूरची वाट त्या पक्ष्यांना ठाऊक नाही. जात उरली, परंपरा लोपली. भाषा आणि लोककला यांच्या अभ्यासकांना हा भेद अपरिचित नसावा.

मन्सूरचे चित्र, शिकारीची शिळा, पायातील कडी आणि गणनेचा तक्ता ही एकाच पक्षिजीवनाची चार प्रकारची कागदपत्रे आहेत. त्यांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नाही. गणनेने क्रौंच वाचला नाही हे खरे. परंतु गणना नसती तर तो गेला हेही आपणांस निश्चितपणे कळले नसते. म्हणून वसंतारंभीच्या नोंदी केवळ दुर्मीळ पक्ष्यांपुरत्या ठेवणे योग्य नाही. आज विपुल दिसणाऱ्या बदकांच्या आणि धोब्यांच्या प्रस्थानाची तारीखही दरवर्षी लिहून ठेवली पाहिजे. त्यांतील कोणती नोंद पुढे शेवटची ठरेल, हे ती लिहिणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.