बांधावरच्या झाडाची साक्ष

माउली, बीडहून चौसाळ्यावरून पंढरीची वाट धरली, की बालाघाटाच्या माळावर दोन्ही अंगांना शेतं दिसतात. ऊन लागलं, की आपण बांधावरच्या एखाद्या लिंबाखाली टेकतो. भाकरी सोडतो, घोटभर पाणी पितो आणि दिंडीत पुन्हा मिसळतो. तो लिंब कोणाचा, हे आपण विचारत नाही. पण ज्याच्या बांधावर तो उभा आहे त्या घरात त्याला फार मोल असतं. आजोबा नातवाचं बोट धरून तिथपर्यंत जातात आणि सांगतात, "बाळा, या लिंबापासून त्या बाभळीपर्यंत आपलं. पलीकडचं त्यांचं."

सातबाऱ्यावर नाव असतं, क्षेत्र असतं. रेघ मात्र मातीवर असते, आणि ती कुठून जाते हे सांगायला माणूस लागतो. आज त्या सांगणाऱ्या माणसाचा थोडा विचार करू.

सुमारे 900 वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्या स्मृतीत शिवेच्या भांडणाचं वेगळं प्रकरण आहे. शीव ओळखायची कशावरून? झाडांवरून, बांधावरून, वारुळावरून, आणि जमिनीत पुरून ठेवलेला कोळसा, कोंडा, हाडं यांवरून. साक्ष कोणाची घ्यायची? आसपासच्या शेतांचे धनी, गावातले वृद्ध, गुराखी, शिवेलगत नांगर धरणारे आणि रानात हिंडणारे यांची. खुणाच उरल्या नसतील, तर शेजारच्या गावांतली चार, आठ किंवा दहा माणसं पुढं व्हायची. तांबडी वस्त्रं नेसून, तांबड्या फुलांच्या माळा घालून आणि डोक्यावर माती घेऊन ती शीव चालत जायची. त्यांचे पाय पडतील ती शीव. खोटं चालले तर दंड.

डोक्यावर भूमाता घेऊन खोटं पाऊल टाकायचं कसं? म्हणून तर तिला साक्षीला घेतलं. सारा व्यवहार शेजाऱ्याच्या खरेपणावर उभा होता.

पुढं मराठेशाहीतही असे तंटे गोतसभेपुढं येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते एकत्र बसत. बेलभंडार उचलून शपथ घेतली जाई. निवाड्याचा महजर लिहिला, की ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या हत्याराची खूण करी. पाटलाची खूण नांगराची.

आणि या सभेत शिवेच्या प्रश्नावर एका माणसाचा शब्द फार मोलाचा असे. तो म्हणजे गावचा महार. गावची शीव राखणं हे त्याचं काम. कोणता दगड कोणाच्या आज्यानं रोवला, कोणती चिंच वठली आणि तिच्या जागी कोणती बोर उगवली, हे त्याला तोंडपाठ. दोन पाटील भांडले तर हाच सांगणार, की शीव इथून जाते.

मग इंग्रज आले. 1827-28 च्या सुमारास प्रिंगल यांनी पुणे प्रांतात केलेली मोजणी फसली. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरुवात केली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. आज आपण बोलतो ती मापं तिथूनच आली. शेताला नंबर मिळाला, बांधाच्या कोपऱ्यावर दगड आला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथंही दिवाण सालारजंगांच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली.

पण एवढ्या साखळ्या ओढूनही साहेबाला शेवटी विचारावं लागलंच, की बाबांनो, हद्द कुठली? 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात ते स्पष्ट आहे. दोन गावांची शीव दोन्हीकडच्या पाटलांनी आणि संबंधितांनी एकमतानं दाखवली, तर तीच कायम करायची. शेताच्या हद्दीवर वाद नसेल, तर धनी दाखवील ती रेघ धरायची. वाद असेल, तर दप्तर पाहायचं आणि वहिवाट कोणाची हे गावकामगारांना व लगतच्या शेतकऱ्यांना विचारून ठरवायचं. हद्दीची खूण म्हणजे फक्त दगड असंही नाही. कुंपण, न नांगरलेली पट्टी, निसर्गातली एखादी वस्तूसुद्धा चाले. म्हणजे बांधावरचा लिंबही चाले. साखळी साहेबाची, कागद सरकारचा, पण शब्द पुन्हा शेजाऱ्याचाच.

आता माउली, इथं जरा थांबू. ज्याच्या शब्दावर गावानं आपली शीव ठरवली, त्याचं घर कुठं होतं? गावकुसाबाहेर. त्याची साक्ष गावाला हवी होती, सावली नको होती. ही गोष्ट आपल्या संप्रदायाला नवी नाही. आपले चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. 1338 साली ते कूस कोसळलं आणि त्याखाली त्यांचा देह गेला. गावाला जिनं बाहेर ठेवलं, त्या भिंतीखालीच. नामदेवराय हाडं शोधायला गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडं. त्यांनी एकेक हाड कानाशी लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची म्हणून पंढरीला आणली. महाद्वारापुढं समाधी झाली. शिवेखाली पुरलेली हाडं खूण म्हणून धरावीत, असं शास्त्र सांगतं. संतांनी चोखोबांच्या हाडांची साक्ष घेतली आणि गावानं आखलेली रेघच खोटी ठरवली.

ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात शेताचाच वाद मांडला आहे. हे देहरूपी क्षेत्र कोणाचं? एक म्हणतो जीवाचं, प्राण हे त्याचं कूळ. दुसरा म्हणतो प्रकृतीचं. तिसरा आणखी कोणाचं नाव घेतो. प्रत्येकाचा दावा ठाम. ऐकता ऐकता आपल्या ध्यानात येतं, की ज्या देहानं आपण बांधासाठी भांडतो, त्या देहाचाच सातबारा आपल्या नावावर नाही.

आज मोजणीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र येतं, वीतभर फरकही दाखवतं. तरी मोजणीची नोटीस लगतच्या शेतकऱ्यांना जातेच. आणि गावोगाव बांध कोरणं काही थांबलेलं नाही. दर पेरणीला नांगराचं एक तास पलीकडं सरकतं. सख्खे भाऊ तारखेला कोर्टात शेजारी उभे राहतात आणि एकमेकांकडं पाहत नाहीत. त्यातलेच दोघं आषाढात दोन वेगळ्या दिंड्यांत टाळ वाजवतात. चंद्रभागेत दोघांचंही स्नान होतं. कोरलेला बांध मात्र घरी तसाच असतो.

म्हणून एक विनंती. यंदा पताका खांद्यावर घेण्याआधी एक सकाळ काढा. शेजाऱ्याला हाक मारा, भावाला हाक मारा. दोघांची पोरं बरोबर घ्या आणि सारा बांध एकदा एकत्र चाला. जिथं जुनी खूण गेली असेल, तिथं दोघांच्या हातानं एक लिंब लावा. दोन्ही घरची लेकरं त्याला पाणी घालतील आणि उद्या साक्ष द्यायची वेळ आली, तर दोघांचं सांगणं एकच असेल. शिवाय एखाद्या उन्हाळलेल्या वारकऱ्याला सावली मिळेल, आणि तोही विचारणार नाही, की हा लिंब कोणाचा.

राम कृष्ण हरी.